डोंगराची सावली

हॅम रेडिओच्या रिपीटरसाठी जागा हेरायची तर आधी टोपोशीट पसरावं. पारोड्याचा चंद्रनाथ सुमारे 350 मीटर. वर 10 मीटरचा खांब उभारला तर रेडिओ क्षितिज साधारण 78 किलोमीटर. खांब दुप्पट केला तर 79! खांबावरून वाद घालणाऱ्या मित्रांना मी म्हणतो, बाबांनो, मधले डोंगर बघा. 145 मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळच जातात, डोंगराआड फारशा वळत नाहीत.

2021च्या जुलैत म्हादईला पूर आला, सत्तरीत घरं पडली. अशा रात्री मोबाईलही बंद पडला तर डोंगराआडच्या वाड्यावरची हाक चंद्रनाथला कशी पोचावी? वाळपईकडे दुसरी टेकडी हवी, बुटकी का असेना. कचेरीला सुट्टी असली की एकजण टेकडीवर बसतो, मी हातातला संच घेऊन वाडे फिरतो. आवाज आला नाही, की नकाशावर फुली.