बिनपेट्रोलची टाकी

पेट्रोल लागतच नाही, तर टाकी कशाला? अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका शोरूममध्ये भाच्यानं पसंत केलेल्या गाडीसमोर उभी राहिले, तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं. गाडी देखणी होती. गोल दिवा, त्याला चकचकीत क्रोमची कडा, तपकिरी लांब सीट, तारांची चाकं, गर्द हिरवा रंग आणि मधोमध ती फुगीर टाकी, गुडघे टेकतात तिथं दोन्ही बाजूंनी किंचित आत दबलेली. विकणाऱ्या मुलानं टाकीचं झाकण उघडलं. आत चार्जिंगचं सॉकेट होतं.

टाकीचा आकार कुणा चित्रकारानं हौसेनं काढलेला नव्हता. जुन्या मोटारसायकलीत पेट्रोल आपल्याच वजनानं खाली उतरत कार्ब्युरेटरमध्ये जायचं, म्हणून टाकी इंजिनाच्या वर बसली. चालवणारा तिच्या मागं बसला, त्याच्या गुडघ्यांना आधार हवा होता म्हणून तिच्या बाजू दबल्या. बैलाच्या वशिंडाचं असंच असतं. जू त्याच्याच पुढ्यात टेकतं आणि पोळ्याच्या दिवशी झूलही त्याच्यावरच शोभते. काम आणि रूप एकाच जागी वाढलेलं असतं. या गाडीत काम निघून गेलं होतं आणि रूप राहिलं होतं. एवढ्यावरून गाडीला खोटं ठरवायला मात्र माझं मन तयार होईना. पेट्रोल गेलं तरी गुडघे आहेतच की.

बाबांची राजदूत मला आठवते ती रूपानं कमी आणि वागणुकीनं जास्त. एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ पोलंडच्या नमुन्यावर बेतलेली, १७३ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. अकोल्याहून बोरगाव मंजूकडच्या शेतावर ती सरकीची पोती न्यायची, खताच्या गोण्या न्यायची, परत येताना आईला आणि आम्हा दोघी बहिणींना आणायची. टाकीवर मी, मागं आई एका बाजूला पाय सोडून, तिच्या मांडीवर धाकटी. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एखाद्या तरी पोराच्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग होता. माझ्या पोटरीवरचा अजून आहे. गाडी धूर ओकायची, पावसाळ्यात प्लग ओला झाला की हटून बसायची. मग बाबा तो काढून रुमालानं पुसायचे, पॉलिश पेपरनं घासायचे आणि पुन्हा किक मारायचे. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभ्या उभ्या दुरुस्त होणारी गाडी म्हणून तिच्यावर सगळ्या घरादाराचा विश्वास होता.

त्यामुळं जुन्या वळणाची म्हणून कुठलीही नवी गाडी समोर आली की मी तिच्यात तो विश्वास शोधते. आपल्या देशात हा प्रयोग गेली काही वर्षं चांगलाच रंगला आहे. हैदराबादच्या एका कंपनीनं २०२० मध्ये ‘अ‍ॅटम १.०’ नावाची कॅफे रेसर वळणाची छोटी इलेक्ट्रिक बाइक पन्नास हजार रुपयांत आणली. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आणि २५० वॉटची मोटर असल्यामुळं तिला लायसन्स लागत नव्हतं, नोंदणी लागत नव्हती. रॉयल एन्फील्डनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ‘फ्लाइंग फ्ली सी६’ दाखवली. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटनं खाली सोडायच्या १२५ सीसीच्या हलक्या गाडीवरून तिचं नाव आणि वळण घेतलेलं आहे. तिच्या बॅटरीच्या मॅग्नेशियमच्या पेटीला बाहेरून पातळ पात्या काढल्या आहेत, जुन्या इंजिनाला असायच्या त्या धाटणीच्या, आणि त्या खरोखर उष्णता बाहेर टाकतात. हे मला फार आवडलं. जुन्या आकाराला नवं काम मिळालं की तो पुन्हा जिवंत होतो.

कॅफे रेसरचं वळण मात्र आपल्याकडं कितपत रुजेल याची मला शंका आहे. लंडनमधल्या १९५०-६० च्या दशकांतल्या तरुणांनी वेगाच्या हौसेपायी हँडल खाली घेतलं आणि वाकून बसायची रीत पाडली. वऱ्हाडातला माणूस गाडीवर ताठ बसतो. त्याला वाटेत चार जणांना रामराम करायचा असतो, पऱ्हाटीला किती बोंडं धरलीत ते पाहायचं असतं, आणि मागं बसलेल्या माणसाशी मान वळवून बोलायचं असतं.

भाचा म्हणाला, “मावशी, तू चालवून तं पाह्य एकदा.”

आम्ही दस्तुरनगरकडून छत्री तलावाच्या रस्त्याला लागलो. आश्विन होता, सोयाबीन निघालेलं, हवेत कुटाराचा कोरडा वास. मूठ पिळताच गाडी निघाली. इलेक्ट्रिक मोटरचा जोर पहिल्याच क्षणी पूर्ण असतो, इंजिनाचे फेरे वाढायची वाट पाहावी लागत नाही. डावा हात क्लच शोधत राहिला, डावा पाय गिअर शोधत राहिला, आणि थोड्या वेळानं दोघांनीही शोधणं सोडलं. चढ लागला तरी गाडीची तक्रार नाही. टाकीला गुडघे टेकले, पाठ सरळ झाली आणि माझ्या लक्षात आलं की टाकी तिथं हवीच होती. तिच्याशिवाय खालचं अंग मोकळं राहिलं असतं, वळणावर गाडी आणि मी दोन वेगळ्या गोष्टी झालो असतो.

आणि ऐकू काय काय यायला लागलं! निंबाच्या झाडांची सळसळ. पलीकडं पोहऱ्याच्या जंगलाच्या बाजूनं तित्तराचं ओरडणं. सायकलवरून जाणाऱ्या दोन पोरींचं बोलणं, त्यातलं एक पूर्ण वाक्य. मी कॉलेजात असताना याच गावात लुना चालवायचे. पन्नास सीसीची, पुण्याच्या फिरोदियांनी १९७२ मध्ये आणलेली. मुलीच्या हाती घराबाहेरचं गाव देणारी ती गाडी होती. पण तिच्या आवाजात आजूबाजूचं सगळं बुडून जायचं. इतकी वर्षं या रस्त्यानं येऊन-जाऊन त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

भाच्याला नेमकं हेच खटकत होतं. “आवाजाशिवाय गाडी वाटतच नाही न मावशी. पोट्टे हासतात.” यावर कंपन्यांनी उपाय काढलेले आहेत. २०१९ मध्ये आलेल्या ‘रिव्होल्ट आरव्ही ४००’ला मोबाइलवरून इंजिनाचा आवाज निवडायची सोय होती. आम्ही पाहिलेल्या गाडीलाही बारीक स्पीकर होता, आणि खाली सायलेन्सरच्या आकाराची प्लास्टिकची नळी. ती नळी पाहून मला वाईट वाटलं. टाकीच्या आकाराला गुडघ्यांचं निमित्त आहे, गोल दिव्याला उजेडाचं आहे, तारांच्या चाकांना खड्ड्यांचं आहे. त्या नळीला कशाचंच नव्हतं. आवाजाबद्दल मात्र माझं मत इतकं सरळ नाही. दिवेलागणीला गुरं रस्त्यावरून घरी येत असतात तेव्हा मागून मुक्यानं येणारी गाडी त्यांना कळत नाही, गुराख्यालाही कळत नाही. तिथं आवाज हवा. तो खोट्या इंजिनाचाच असायला पाहिजे असं नाही, सायकलची घंटीही गुरांना कळते.

भाच्याची नोकरी अमरावतीला, आईवडील अकोल्याला. शनिवारी त्याला घरी जायचं असतं, म्हणून खरा हिशेब हायवेचा होता. हा तोच रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा एका पदराचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता सुरेख आहे, आणि म्हणूनच तिथं कुणी चाळीसनं चालत नाही. गाडीच्या कागदावर एका चार्जमध्ये सव्वाशे किलोमीटर लिहिलेले होते. असा आकडा येतो तो ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ नावाच्या चाचणीतून. १०८ सेकंदांचं एक चक्र, त्यात वेग जास्तीत जास्त ४२ आणि सरासरी २२ च्या आसपास. राजकमल चौकातल्या गर्दीला हे माप चोख बसतं. हायवेवर चाळीसचा सत्तर झाला की हवेचा विरोध तिप्पट होतो, आणि तो सगळा बॅटरीतून फेडावा लागतो.

बॅटरी होती तीन युनिटची. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे या गाडीच्या पोटात लिटरचा तिसरा हिस्सा, एवढंच इंधन. पेट्रोलचं इंजिन त्यातली पाऊण ऊर्जा उष्णता करून उडवतं आणि मोटर बहुतेक सगळी चाकाला देते, म्हणून तर एवढ्याशा शिदोरीवर ती गावभर फिरते. युनिटला दहा रुपये धरले तरी तीस रुपयांत शहरातले तीन-चार दिवस निघतील. पण अकोला नव्वद किलोमीटरच्या पुढं आहे. हायवेच्या वेगानं ही गाडी सत्तर-पंचाहत्तरला थकेल असा माझा अंदाज. म्हणजे मूर्तिजापूरला थांबणं आलं.

मूर्तिजापूरचं नाव निघालं की मला शकुंतला आठवते. यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन्हीकडं जाणारी ती नॅरोगेज गाडी, विलायती खासगी कंपनीची. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. इंजिन बदललं, धूर बदलला, शिट्टी बदलली, तरी लोकांनी तिला शकुंतला म्हणणं सोडलं नाही. पुढं ती बंद पडली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि गाडी परत मागू लागले. वाफ परत द्या असं कुणी म्हटलं नाही. ती कुठल्या गावाला थांबायची, कुणाला नेता नेता कुणासाठी खोळंबायची, त्यावर लोकांचं प्रेम होतं. जुन्या गाडीबद्दलची आपली ओढ बहुतेक वेळा अशीच असते, आणि जुन्या वळणाची गाडी काढणाऱ्यांनी हे फार बारकाईनं समजून घ्यायला हवं. २०२४ मध्ये ‘ई-लुना’ आली तेव्हा मला बरं वाटलं ते यासाठी. पुढची मोकळी सपाट जागा तशीच ठेवली, दीडशे किलो वजन पेलायची तयारी ठेवली. तिनं जुन्या लुनाचं वागणं उचललं.

आमच्या हिरव्या गाडीला कॅरिअरच नव्हतं. लावायची सोयही नव्हती.

आता उन्हाचं. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत नसते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्याही वर गेलेला आहे. बहुतेक लिथियम पेशी ४५ अंशांच्या पुढं चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात, आणि आमच्याकडं नुसती सावलीतली हवाच तेवढी तापते. शिवाय दुपारची हायवेवरून आलेली बॅटरी आतून तापलेली. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून एआयएस-१५६ हे बॅटरीचे नियम कडक झाले. ते बरंच झालं. तरी गाडी घेणाऱ्यानं बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे का ते विचारावंच. ती वजनाला जरा जड पडते, पण ऊन जास्त सोसते. आणि वऱ्हाडातलं चार्जिंग पहाटेचं असावं, अंगणात सडा पडायच्या वेळेचं, पंधरा अँपिअरच्या वेगळ्या पॉइंटवर, अर्थिंग तपासून. जुन्या माळवदाच्या घरांत वायरिंग कधीचं आहे हे घरच्यांनाही माहीत नसतं.

छत्री तलावाकडून परतताना आम्ही बाबांच्या राजदूतचे प्लग बघणाऱ्या मिस्त्रींच्या मुलाकडं थांबलो. तो आता स्वतः मिस्त्री आहे, राजापेठेला दुकान. गाडीभोवती एक फेरी मारून, खाली वाकून त्यानं मोटरचं झाकण चाचपलं. “बाई, ब्रेक, बेअरिंग, शॉकअप मी करून देईन. पण बॅटरी अन् कंट्रोलर सारं सीलबंद हाये. याच्यात मी काय खोलू?” त्याच्या आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. शिकवलं तर मी शिकीन, असं तो दोनदा म्हणाला. मला वाटतं, जुन्या वळणाच्या गाडीची पारख शेवटी याच दुकानात होते. ज्या दिवशी कंपनी या माणसाच्या हातात कंट्रोलरचा नकाशा आणि सुटे भाग देईल, त्या दिवशी तिच्या गाडीत राजदूतचं काहीतरी उतरेल. क्रोमची कडा त्यासाठी लागणार नाही.

माझं मत मी भाच्याला सांगितलं. अमरावतीत फिरायला गाडी घे. कॅम्पातून कामावर, कामावरून पंचवटी चौक, अंबादेवीला नवरात्रात गर्दीतून वाट काढत. या कामाला हिच्यासारखी दुसरी गाडी नाही. आई इकडं आली की तिला मागं बसवता येईल, तिच्या पोटरीला चटका बसणार नाही. अकोल्याला सध्या रेल्वेनं किंवा एसटीनं जा. ती प्लास्टिकची नळी काढून टाक. कॅरिअर वेल्ड करायला चेसिसला जागा आहे का ते मिस्त्रीकडून पाहून घे, आणि हमीला धक्का लागणार नाही असं आधी विचार.

तो हे सगळं मोबाइलवर टिपून घेत होता. संध्याकाळी आम्ही पुन्हा शोरूममध्ये गेलो. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे त्या मुलाकडं छापील होतं. पेशी कुठल्या प्रकारच्या तेही होतं. कंट्रोलर बिघडला तर अमरावतीत मिळेल की बाहेरून येईल, आणि तोवर गाडी किती दिवस उभी राहील, यासाठी मात्र त्यानं मालकांना फोन लावला. मालक बराच वेळ बोलत होते. भाच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, हेच कागदावर लिहून सही करून द्या. मंग मी चेक देतो.”