वजन गेले, कातडी राहिली

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. मिरजेत एकाच गल्लीत दिलेल्या, त्यामुळे लग्नानंतरही संध्याकाळचा चहा एकत्रच. एक उर्दू शाळेत शिकवते, दुसरी घरी शिलाई करते. चार वर्षांपूर्वी एकीचे वजन 108 किलो होते आणि दुसरीचे 101. कोणाचे कोणते ते विचारू नका, नवऱ्यांनाही आम्ही ते सांगितलेले नाही.

अम्मी साखरेने गेल्या. आधी पायाचा अंगठा काढला, मग पाऊल, आणि शेवटी किडनी. त्या गेल्यावर तिसऱ्या महिन्यात आम्ही दोघींनी रक्त तपासून घेतले. दोघींनाही साखर निघाली. त्या रात्री दोघींपैकी कोणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी फजरनंतर दोघीही बुरखा घालून गल्लीच्या तोंडाशी उभ्या. तिथून चालणे सुरू झाले. भात अर्ध्यावर आला, चहातली साखर गेली, दावतीत बिर्याणीचे ताट एकच घेऊन दोघींनी खायचे ठरले. अडीच वर्षांत एकीचे 39 किलो उतरले, दुसरीचे 34. खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या आम्ही पुन्हा जमिनीवर सजदा करू लागलो. अल्हम्दुलिल्लाह, त्या पहिल्या सजद्याची खुशी कोणत्या काट्यावर मोजता येणार नाही.

पण आज लिहायचे आहे ते त्यानंतरचे. ते आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते.

वजन उतरले आणि कातडी तिथेच राहिली. दंडाखाली झोळी, मांड्यांना सुरकुत्या, आणि पोटाची एक घडी जी वाकले की पुढे लोंबते. शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की दंड आपला वेगळाच हलायचा. तिसरीची पोरे ती, हसणारच. उर्दूचा तास तर उजवीकडून डावीकडे, म्हणजे सगळा फळा पार होईपर्यंत तमाशा. तेव्हापासून लांब बाह्या, आणि शक्य तिथे मुलांनाच फळ्यावर लिहायला बोलावणे. निरीक्षण झाले तेव्हा वहीत शेरा मिळाला की विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम आहे.

बाहेर लोक म्हणायचे, बुरख्यात कोणाला दिसतंय? अहो, न्हाणीघरात आपल्याला दिसते की. एका निकाहात तर मामूच्या घरच्यांनी बाजूला घेऊन हळूच विचारले, "टी.बी. तर नाही ना झाला?" जाडेपणी कोणी इतक्या काळजीने विचारले नव्हते.

मग सुरू झाले तेल आणि क्रीम. बदामाचे तेल चोळले, कोरफड लावली, टीव्हीवर पाहिलेली महागडी बाटलीही आणली. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी शिलाईवालीला कळेल असेच सांगितले. कातडीच्या आत ताण धरणारे तंतू असतात. वर्षानुवर्षे ताणले की ते तुटतात. सलवारीच्या नेफ्यातले इलॅस्टिक ओघळले की धुऊन आखडत नाही, तसेच हे. वय जितके जास्त आणि जाडेपणा जितका जुना, तितकी कातडी कमी परत जाते. वरून लावलेले क्रीम तिला मऊ करील, ओढून धरणार नाही. हलकी वजने उचलली आणि जेवणात डाळ, अंडी, मासे नीट ठेवले तर दंडात थोडे मांस भरते आणि कातडीला आधार मिळतो. बस, इतकेच. आम्ही ऐकले आणि बाटली धाकट्या जावेला देऊन टाकली. तिला अजून कारण सांगितलेले नाही.

दिसण्याचे एक वेळ सोसले असते. पण पावसाळ्यात पोटाच्या घडीखाली एकीला लाल चट्टा उठला. घाम, ओल, आणि अंगात साखर. बुरशीला आणखी काय हवे? लाजेने डॉक्टरांना दाखवले नाही. मेडिकलमधून एक मलम मागून आणले. तीन दिवसांत खाज थांबली, म्हणून महिनाभर लावले. बंद केले की दुप्पट पसरायचे. जांघेपर्यंत गेले, वास येऊ लागला, शिलाईच्या मशीनवर बसणे बंद झाले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मलमाची नळी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होते. ते खाज दाबते, बुरशी मारत नाही, उलट कातडी पातळ करते. बहिणींनो, ही एक गोष्ट मात्र आमचे ऐका. चिठ्ठीशिवाय असले मलम लावू नका, आणि लाज वाटली तरी दाखवा. बाईंनी गोळ्या आणि दुसरे मलम दिले. अंघोळीनंतर घडी टिपून अगदी कोरडी करायची आणि मध्ये सुती कापडाची पट्टी ठेवायची. अम्मींचे जुने मलमलचे दुपट्टे पेटीत होते. त्यांच्या पट्ट्या केल्या.

चट्टा गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा प्लास्टिक सर्जनचे नाव निघाले, आणि आमचे भांडण झाले.

भांडण पैशांवरून म्हणा. सांगितलेला आकडा 1 लाख 60 हजार होता, आणि आमच्याकडे तेवढी एकच रक्कम होती, दोघींनी मिळून उमऱ्यासाठी ठेवलेली. विमा कंपनीने हे सौंदर्याचे काम समजून हात वर केले. एक म्हणाली, "अल्लाहने बरं केलेल्या अंगाला पुन्हा चाकू कशाला?" दुसरी म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येत नाही, म्हणून तुला सुचतं." पंधरा दिवस चहा बंद. वीस वर्षांत पहिल्यांदा.

एका मौलानांना विचारले. त्यांनी उलट विचारले, डॉक्टर काय म्हणतात? चट्टा बरा होत नसेल तर हा इलाज आहे, हौस नाही, एवढेच बोलले. उमऱ्याचे पैसे पुन्हा जमतील म्हणून पुरचुंडी जिने पुढे केली, ती आधी नको म्हणणारीच होती.

सर्जनने घाई केली नाही. वजन सहा महिने एका जागी टिकलेले हवे होते. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खाली आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले, कारण साखर असेल तर जखम भरत नाही. ऑपरेशननंतर पोटाला दोन नळ्या, कमरेला पट्टा, आणि दीड महिना पाण्याची बादलीही उचलायची नाही. टाक्याशेजारी पाणी साचले ते सुईने दोनदा काढावे लागले. व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आहे. आमच्यातल्या शिलाईवालीने तो आरशात बारकाईने पाहिला आणि म्हणाली, "टाका बारीक आहे, पण डावीकडे अर्धा बोट वर धरलंय."

पोट झाले. दंड तसेच आहेत, दोघींचेही. त्यासाठी पुन्हा पैसे घालायचे नाहीत असे दोघींनी ठरवले आहे, निदान या घडीला. शाळेत आता पाचवीत गेलेल्या त्याच पोरांना हात हलण्याची सवय झाली आहे. तिसरीची नवी पोरे हसतात.

ऑपरेशन न झालेली मास्तरीण पावसाळ्यात अजून पट्ट्या वापरते. दुसरी त्या कापून, कडा मोडून शिवून देते. अम्मींचे तीनच दुपट्टे उरले आहेत.