सव्वाएकतीस सेंटीमीटर

भूगोल हा विषय शाळेपासूनच माझा वैरी. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, त्यामागे भाषेच्या प्रेमाइतकीच नकाशाची भीतीही होती, हे आता पंचेचाळिशीत कबूल करायला हरकत नाही. आणि अशा माणसाला आईने सकाळी चहा पिताना विचारावे, "अरे, बाळ राहतो ते न्यूयॉर्क इथून किती रे लांब?"

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो नुकताच तिकडे गेला होता. मुंबईहून रात्री दीडला निघून तिथे सकाळी सातला पोहोचायचे, असे तिकिटावर होते. आईने वजाबाकी करून टाकली होती : साडेपाच तास! "घाटात गाडी अडकली तर मावशीला पुण्याहून यायला याहून उशीर होतो," ती म्हणाली. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास असते, म्हणजे प्रवास खरा सोळा तासांचा, हे समजावताना माझीच दमछाक झाली.

अखेर अण्णा उठले. अण्णा गणिताचे मास्तर. त्यांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. गोलाचा घेर भरला एक मीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका सेंटीमीटरला ४०० किलोमीटर. मी दोरा अरबस्तानावरून अटलांटिककडे नेऊ लागलो, तोच हातावर चापट बसली.

"चपट्या नकाशांनी तुमची डोकीही चपटी झालीत. दोरा ताण, आणि तो जाईल तिकडे जाऊ दे!"

ताणलेला दोरा आपसूक उत्तरेकडे सरकला. सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोच्या आसपास, नॉर्वे, आइसलंड! भरला सव्वाएकतीस सेंटीमीटर; म्हणजे १२,५०० किलोमीटर. नकाशावरच्या सरळ रेषेने गेलो असतो तर १४,२०० झाले असते. ताशी ९०० किलोमीटरने भागले की चौदा तास. मग तिकिटावर सोळा का? कारण त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो, हिवाळ्यात ताशी दीड-दोनशे किलोमीटरनेही. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. शिवाय दोऱ्याला सरहद्दी ठाऊक नसतात, वैमानिकाला असतात. २०१९मध्ये आणि पुन्हा २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा दोऱ्याला सिंधपाशीच वळसा पडला.

पुढे एका जानेवारीत पहाटे साडेपाचला अण्णा गेले. बाळाला फोन केला तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजले होते. रात्री अकराचे विमान मिळाले. इकडे मंडळी जमली. कोणीतरी हलक्या आवाजात विचारले, "कितीपर्यंत थांबायचं?" मी हिशेब मांडला. त्यांचे अकरा म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. त्यात चौदा तास मिळवले की रात्रीचे साडेअकरा. बर्फ आणवला.

दुपारी आईने एकदाच तोंड उघडले. "वारा पाठीशी आहे ना रे?"

"आहे."

विमान वीस मिनिटे लवकर उतरले. बाळ घरी आला तेव्हा दीड वाजला होता.

तो दोरा अजून डब्यात आहे. परवा शर्टाचे बटण लावायला मी तो उचलला, तर आई म्हणाली, "तो नको. दुसरा घे."