शिदोरीतली बिस्किटे

आजीच्या काळी प्रवासाची तयारी दोन गोष्टींवरून ओळखली जाई: वळकटी आणि शिदोरी. वळकटी केव्हाच गेली. शिदोरीची गरज मात्र राहिली. फक्त ती आता रंगीत पुड्यांत शिरून टपरीवर लटकू लागली आहे.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढायचा असो की शहापूरवरून कसाऱ्याच्या घाटाने नाशिक गाठायचे असो, पोटाला आधार हवाच. मुरबाड तालुक्यातून वर जाणारा नाणेघाट तर सुमारे २,००० वर्षांपूर्वीही कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पायांखालचा. तिथला सातवाहनांचा शिलालेख पंडितांनी वाचावा, माथ्यावरचा दगडी रांजण मुलांनी पाहावा; मला आपले कुतूहल, त्या वाटसरूंच्या फडक्यात काय बांधलेले असे?

आमच्या मुलांना ओट आणि सुक्या मेव्याची बिस्किटे आवडू लागली. पुड्यावरची बारीक अक्षरे वाचली, तर ओटपेक्षा मैदा आणि साखरच पुढे! तेव्हापासून मी ती घरीच भाजते. पण ओट पडले थंड मुलखातले धान्य. शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारावर पिकते ती नाचणी. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गहू-तांदूळ तिच्या जवळपासही येत नाहीत. म्हणून आमच्याकडे निम्मे ओट, निम्मी नाचणी.

१ वाटी खमंग भाजलेले नाचणीचे पीठ, १ वाटी ओट, १२ खजूर वाटून, पाव वाटी गूळ, अर्धी वाटी तूप आणि मूठभर बेदाणे व अंजिराचे तुकडे. नाचणीला गव्हाचा चिकटपणा नाही. तिला धरून ठेवतो तो खजूर. फारच भुरभुरले तर दोन चमचे दूध. केळे घातले तर चव छान येते, पण ओलाव्यामुळे बिस्किटे टिकत नाहीत. ती घरी खायची. १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटे भाजावीत. गरम असताना मऊ लागली तरी घाबरू नये. निवली की कडक होतात. पुरती निवल्यावरच डब्यात भरावीत.

मुरबाडच्या बाजारात एकदा नाचणी विकणाऱ्या बाईने विचारले, "ताई, एवढ्या नाचनीचं करता काय?" मी पिशवीतले बिस्किट तिच्या हातावर ठेवले. तिने अर्धे खाल्ले, अर्धे पदराला बांधले.

"हा पुडा कुठं मिळतो?"

"अहो, तुमच्यापुढं पसरलाय तोच!"

ती हसली. मग म्हणाली, "आमची पोरं नाचनीची भाकर शाळंत न्यायला लाजतात."

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. शहरात नाचणीला मान मिळाला. तिच्या मुलांच्या डब्यापर्यंत मात्र तो पोचलेला नव्हता. आपण नाक मुरडले, की पिकवणाऱ्यालाही आपल्या धान्याची लाज वाटू लागते. याच भागातली कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांचा प्रवास सुटीचा नव्हे. सकस शिदोरीची गरज आपल्याहून त्यांनाच अधिक.

तेव्हा यंदा घाट चढण्यापूर्वी नाचणी तिथल्याच बाजारात घ्या, आणि घासाघीस करू नका. बिस्किटेही मोजून करू नका. चार जास्तच होऊ द्या. शिदोरी सोडली की शेजारच्याला विचारायचे, ही आपली जुनी रीत आहे.