हे कोणी केले?



तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरी, शेती किंवा कारागिरी करून रात्री ही पुस्तिका उघडत असाल. हाताने केलेल्या कामाविषयी तुम्हांला काही सांगावे, एवढा माझा अधिकार नाही. तरीही मी स्वतःच्या हाताने केलेल्या एका वस्तूची हकिकत तुम्हांला सांगणार आहे. ती वस्तू मोडली आणि ती कोणी केली असे विचारले गेले, तेव्हा मी खोटे बोललो.

माझा विषय भाषाविज्ञान. कोल्हापूरहून गगनबावड्याला जावे आणि करूळचा घाट उतरून वैभववाडीकडे वळावे, तर तासाभराच्या अंतरात बोली पालटते. घाटावर ‘मला’ म्हणणारा माणूस घाटाखाली ‘माका’ म्हणतो. हा पालट नोंदविण्यासाठी मी सुट्यांमध्ये वाड्यावाड्यांतून हिंडतो. जिथे दिवसातून एखादीच एस. टी. जाते, तिथे माझी साडेतीनशे सी. सी.ची जुनी बुलेट उपयोगी पडते. ध्वनिमुद्रक, वह्या, चार दिवसांचे कपडे आणि पावसाळी सामान एवढे ओझे दोरीने सीटला बांधून नेणे मात्र कटकटीचे होते. प्रत्येक वळणावर ओझे एका अंगाला सरकत असे.

यावर उपाय जुनाच आहे. गाडीरस्ते होण्यापूर्वी घाटातून मिठाची आणि धान्याची ने-आण पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरून होत असे. गोण्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या हव्यात, एवढे त्यातले मर्म. मोटारसायकलच्या मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडे बसवून त्यांवर पिशव्या अडकविणे हे त्याच पद्धतीचे आधुनिक रूप. दूरचा प्रवास करणारे दुचाकीस्वार त्याला ‘सॅडल स्टे’ म्हणतात. तयार सांगाडे बाजारात मिळतात. परंतु माझ्या जुन्या गाडीला त्यांपैकी एकही नीट बसेना. तेव्हा मी तो स्वतःच करायचे ठरविले. खरे सांगायचे तर, मिळाला असता तरी मी तो विकत घेतला नसता. पुस्तकांत आयुष्य घालविलेल्या माणसाला पन्नाशीनंतर हाताने काही घडविण्याची ओढ लागते, तशी ती मला लागली होती.

वेल्डिंगचे एक लहान यंत्र आणले. २५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी लोखंडी पट्टी आणली. कानस, करवत, पाने जमविले. दोन रविवारांत दोन आयताकृती चौकटी तयार झाल्या. एक टोक शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टला आणि दुसरे मडगार्डच्या बोल्टला जोडले. वेल्डिंगचे उंचवटे डोळ्यांना खुपत होते म्हणून ते ग्राइंडरने घासून अगदी सपाट केले आणि वर काळा चकचकीत रंग दिला. महाविद्यालयातील सहकाऱ्यांना मी गाडीभोवती फिरवून तो सांगाडा दाखविला. ‘मी स्वतः केला,’ हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुटीत करूळचा घाट उतरताना उजवा सांगाडा तुटला. एक आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि मागे पाहतो तो पिशवी रस्त्यावर पडलेली. पाठोपाठ स्कूटरवरून एक जोडपे येत होते. पिशवी चुकविण्यासाठी त्या गृहस्थांनी ब्रेक दाबला आणि स्कूटर घसरली. सुदैवाने वेग कमी होता. त्यांना फारसे लागले नाही; पण त्यांच्या पत्नीचे कोपर आणि तळहात चांगलेच सोलवटले. दोन हात पलीकडे दरी होती. मी त्यांना घाटाखालच्या दवाखान्यात नेले, मलमपट्टी होईपर्यंत थांबलो आणि मग त्यांच्या वाडीपर्यंत सोबत गेलो. अंगणात उतरल्यावर त्या बाईंनी माझ्या गाडीला लोंबणाऱ्या तुटक्या पट्टीकडे बोट दाखवून विचारले, “ह्यां कोणी केल्यान?”

या ‘केल्यान’कडे लक्ष द्या. प्रमाण मराठीत मी, तू किंवा त्याने काम केले, तरी क्रियापद बहुधा ‘केले’ असेच राहते. कर्ता कोण हे क्रियापदावरून कळत नाही. मालवणीत तसे नाही. ‘तेना केल्यान’ म्हणजे त्याने केले आणि ‘मियां केलंय’ म्हणजे मी केले. करणाऱ्याचा पुरुष क्रियापदातच नोंदलेला असतो. ही रूपे गोळा करण्यासाठीच तर मी तिथवर गेलो होतो. त्या अंगणात मात्र मी प्रमाण भाषेचा आश्रय घेतला आणि म्हणालो, “कोल्हापुरात एका वेल्डिंगवाल्याने करून दिले होते.” बाई म्हणाल्या की अशा माणसाला जाब विचारायला हवा. मी मान डोलावली.

कोल्हापूरला परतल्यावर तुटलेला तुकडा घेऊन एका मिस्त्रींकडे गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांच्याजवळ खोटे बोलून उपयोग नव्हता. वेल्डिंग पाहूनच त्यांनी ओळखले. तुकड्याचे तोंड उजेडाकडे धरून ते म्हणाले, “हे बघा सर, हितं गंज हाय आणि हितं चकाकतंय. गंजलंय तेवढं आधीच तुटलं होतं. राहिलेल्या एवढ्याशा लोखंडावर तुम्ही फिरत होता.”

मी पाहिले. तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग तांबूस आणि उरलेला रुपेरी होता. म्हणजे घाटात त्या दिवशी घडले ते केवळ अखेरचे तुटणे. एका दणक्याला जे लोखंड सहज दाद देत नाही, तेच हजारो लहान हादऱ्यांनी हळूहळू चिरत जाते. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. चीर बहुधा वेल्डिंगच्या कडेशीच सुरू होते. उंचवटे घासताना मी सांध्याची जाडीच कमी केली होती, आणि पडणारी चीर काळ्या रंगाखाली कोणाला दिसणार?

“आता दुप्पट जाडीची पट्टी वापरू,” मी म्हणालो.

“जाड करून काय उपयोग न्हाई. तिरपा हात द्या.”

त्या तिरप्या हाताचे गणित आपण शाळेत शिकलेलो असतो. चार काड्यांची चौकट कोपऱ्यांतून दाबली की कलते, कारण बाजूंची लांबी न बदलताही तिचे कोन बदलू शकतात. तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. बाजू ठरल्या की कोनही ठरतात. माझ्या चौकटीत तिरपी पट्टी नव्हती, त्यामुळे प्रत्येक हादऱ्याचा सारा ताण चार कोपऱ्यांतील सांध्यांवर येत होता. शिवाय पिशव्या चाकाच्या आसापासून फार मागे होत्या. आधारापासूनचे अंतर दुप्पट झाले, की तेच वजन सांध्याला दुप्पट जोराने पिळते.

दुसरा सांगाडा मी मिस्त्रींच्या देखरेखीखाली केला. त्याला पाच आठवडे लागले. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीला लावून पाहिला. पट्टीऐवजी १९ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेतला. प्रत्येक बाजूला दोनऐवजी तीन आधार दिले: शॉक अॅब्सॉर्बरचा बोल्ट, मडगार्डचा बोल्ट आणि मागच्या स्वाराच्या पायटेकूजवळची जागा. नंबरपाटीच्या मागून एक आडवा दांडा घालून दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या, म्हणजे पिशवी आत झुकून चाकाला लागणार नाही. गाडीवर केवळ टाके मारले, तेही बॅटरीची तार सोडवून. पक्के वेल्डिंग सांगाडा खाली उतरवून पेट्रोलच्या टाकीपासून दूर केले. एकच बाजू सलग वेल्ड केली तर लोखंड थंड होताना आखडते आणि भोके जुळत नाहीत, म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे असे काम केले. या खेपेस उंचवटे तसेच ठेवले आणि रंग फिकट राखाडी दिला. चीर पडली, तर गंजाची रेघ त्यावर लगेच उमटते.

आणखी एक चूक मिस्त्रींनीच दाखविली. मूळ बोल्टवर पट्टी चढविली की तिच्या जाडीइतके आटे कमी पडतात आणि नट अर्धवटच बसतो. लांब बोल्ट घेतले, सहजी न सुटणारे नायलॉनच्या कड्याचे नट लावले. पिशव्या सायलेन्सरपासून चार बोटे दूर, हँडलच्या रुंदीच्या आत आणि मागचा दिवा व इंडिकेटर झाकणार नाहीत अशा ठेवल्या. जड वस्तू तळाशी आणि पुढच्या अंगाला. दोन्ही पिशव्या काट्यावर तोलून सारख्या केल्या. मग प्रत्येकीत दहा किलो वाळू भरून कच्च्या रस्त्याने ४० किलोमीटर हिंडून आलो. शेवटी पत्नीच्या लाल नेलपॉलिशने प्रत्येक नटावरून पट्टीवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढली. नट किंचित जरी फिरला, तरी रेघ दुभंगलेली दिसते. आता चहाला थांबलो, की चहा सांगण्याआधी मी खाली बसून त्या रेघा पाहतो.

त्या मे महिन्यात पुन्हा करूळचा घाट उतरलो. वाडी ठाऊक होती. बाई अंगणात आमसुले वाळवीत होत्या. कोपरावर फिकट व्रण राहिला होता. मी म्हणालो, “ताई, तेव्हा मी वेल्डिंगवाल्याचे नाव सांगितले, ते खरे नव्हते.” पुढचे वाक्य मला प्रमाण मराठीत बोलवेना. “मियां केलंय,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. हात पदराला पुसत त्या गाडीजवळ आल्या. सांगाड्याचा मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो जोर लावून हलवून पाहिला, आधी उजवीकडचा, मग डावीकडचा.

“आता हलना नाय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा आमसुलांकडे वळल्या.