पोत्याआधीची ज्वारी

पुण्याच्या मार्केट यार्डात ज्यांची भुसाराची पेढी आहे, अशा घरातील मुलांना धान्य ठाऊक नसते असे नाही. एका पेढीवरचा दहा वर्षांचा नातू चार दाणे तळहातावर घेऊन ही मालदांडी की दुसरी कोणती, हे बिनचूक सांगतो. मात्र त्याच्या लेखी ज्वारी पोत्यापासूनच सुरू होते. आजोबांना हे खटकले. जानेवारीतील एका रविवारी ते त्याला व त्याच्या सात वर्षांच्या बहिणीला घेऊन मंगळवेढ्याकडील आपल्या मूळ गावी गेले. तेथे त्यांच्या वडिलांचे दुकान होते. आता त्याच्या फळ्या कायमच्या लागल्या आहेत.

हल्ली तिकीट काढून हुरडा खाण्याची आणि बैलगाडीत बसण्याची सोय ठिकठिकाणी झाली आहे. त्यात वावगे काही नाही. पण तेथे मुलांना शेतकऱ्याचे घर भेटत नाही. आजोबा गेले ते दुकानाच्या जुन्या खातेदाराच्या रानात.

काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पाऊस केव्हाच संपलेला. पीक उभे होते ते मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर. म्हातारे खातेदार माळ्यावरून गोफण फिरवीत होते. नातीचा चेहरा उतरला.

"पाखरांना लागेल ना?"

"न्हाई गं बाई, आवाजानंच उठत्यात. दगूड बाजूला पडतोय."

तिने दगड पडला तेथवर जाऊन खात्री करून घेतली.

आगटी चार वाजताच पेटली. शेटजींच्या घरचे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे त्या घराला तीन पिढ्यांपासून माहीत. पिठल्यातही कांदा-लसूण नव्हता आणि तसे कोणी सांगितलेही नव्हते.

हुरडा खाता खाता नातवातला व्यापारी जागा झाला.

"बाबा, एकरी किती पोती होतात?"

"झाली तर पाच. न्हाई तर दोन."

मग गेल्या वर्षी मिळालेला भाव निघाला. पेढीवरचा भाव मुलाला पाठ होता. त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी गाडीभाडे, हमाली, तोलाई, अडत, घट असे सारे बोटांवर मोजून दाखवले. हिशेब जुळला.

"आणि पाऊस पडला नाही तर? तो खर्च कोणाच्या खात्यात?"

आजोबा गप्प राहिले. म्हातारबाबा मात्र हसले. "आमच्याच की रं बाळा," म्हणत त्यांनी तळहात पुढे केले. तेथली ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दर वर्षीच्या त्या उपटणीचे घट्टे हातावर होते. मुलाने त्यांवरून बोट फिरवून पाहिले.

सोमवारी शाळेतून परतल्यावर तो पेढीवर गेला. गाडीतून माल उतरत होता. "मुनीमकाका, ही कोणत्या गावची?" त्याने विचारले. मुनीमजींनी चष्मा लावून चिठ्ठी उलटसुलट पाहिली. तिच्यावर अडत्याचे नाव होते, वजन होते, भाव होता. गावाचे नाव नव्हते.