भोंग्याचा पडदा

विहारावरचा भोंगा सर्वांनी पाहिलेला असतो, पण त्याच्या पोटातला पडदा किती जणांनी पाहिला असेल? आम्हीही पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी पाहण्याची वेळ आली.

आमचे गाव मूल तालुक्यात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर पुढच्या रविवारी गावात कार्यक्रम होतो. वाघाच्या भीतीने तो दिवसाउजेडीच उरकावा लागतो. त्या वर्षी एक आजी बोलणार होत्या. लहानपणी त्या आईवडिलांसोबत बंडीने दीक्षेला गेल्या होत्या. त्यांनी दोन वाक्ये बोलली नि भोंगा खरखरू लागला. मागच्या बाया उठून जाऊ लागल्या. "आयकू येत नाही का रे पोरांनो?" असे म्हणून आजी खाली बसल्या.

दोष आमचाच होता. जयंतीला मुलांनी त्याच युनिटवर ढोलाची जड गाणी वाजवली, पडदा फाटला. आम्ही घाईत मिळेल तो चमकदार पडदा बसवला. युनिट १६ ओहमचे, पडदा ८ ओहमचा!

चंद्रपूरच्या एका मेकॅनिकने आमच्यासमोर युनिट उघडले. मागे लोहचुंबक, त्याच्या अरुंद फटीत तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटलेला वाटीसारखा छोटा पडदा. कॉइल हलते, पडदा हवा दाबतो आणि कर्णा तो आवाज दूर पोहोचवतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या वेन्ते आणि थुरास यांनी १९२६ सालीच असे युनिट घडवले होते, त्याचा पडदा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. आज राळेत भिजवलेल्या कापडाचे पडदे मिळतात, टायटॅनियमचेही मिळतात. टायटॅनियम बारीक स्वर जास्त उचलतो, पण भाषणासाठी कापडी पडदा उत्तम चालतो. भारी पडद्यापेक्षा जुळणारा पडदा महत्त्वाचा. कॉइलचा व्यास आणि ओहम तेच हवेत. १६ ओहमची कॉइल मीटरवर थोडी कमी दाखवते, त्याने घाबरू नये.

त्याने चिकटपट्टीने फटीतला लोखंडी कीस काढला, पडदा मधोमध बसवून स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळले आणि आधी हळू आवाजात तपासले. जड स्वर आत जाऊ नयेत म्हणून कॅपॅसिटर लावला. कर्णा काढून युनिट कधीही जोरात वाजवू नका, असेही त्याने बजावले. कर्ण्यातल्या हवेचा आधार नसला की पडदा वाजवीपेक्षा जास्त हलतो आणि फाटतो. नवा पडदा आम्हाला एका दिवसाच्या मजुरीत पडला.

पुढच्या कार्यक्रमाला भोंगा स्वच्छ बोलत होता. पण आजी माघातच गेल्या होत्या. त्यांच्या नातीने आजीकडून ऐकलेले वहीत लिहून ठेवले होते, ते तिने वाचले. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने हात वर करून ऐकू येत असल्याचे सांगितले. आम्हाला मात्र मान वर करवेना.

बंधुभगिनींनो, आपल्या विहाराचे युनिट कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी उघडून पाहा. गाण्यांसाठी वेगळा स्पीकर ठेवा, रात्री दहानंतर भोंगा बंद ठेवा. आणि घरात जुने पाहिलेले कोणी असेल, तर भोंग्याची वाट पाहू नका. त्यांच्याजवळ बसून आजच ऐका.